खांबावरचा जोड आणि खारपाणातलं पाणी

अमरावतीत साईनगरच्या किंवा अकोल्यात गोरक्षण रोडच्या एखाद्या उंच गच्चीवर उभं राहून सभोवार पाहिलं, की गेल्या काही वर्षांत काय बदललं ते लगेच दिसतं. टाक्यांच्या वर, जिन्याच्या खोलीच्याही वर, लोखंडी खांबांवर सौर पॅनेल बसली आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली, ३ किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागलं आणि वीजबिलाला कंटाळलेल्या घरांनी भराभर पॅनेल बसवून घेतली. वऱ्हाडात ही पॅनेल मुद्दाम उंच बसवतात. गच्ची ही इथली उन्हाळ्यातली सगळ्यात मोठी खोली असते. तिथे कुरड्या, पापड, सरगुंडे वाळतात आणि मे महिन्यात रात्री बाजा पडतात. ती जागा कोणी सोडत नाही. मग पॅनेल माणसाच्या डोक्याच्याही वर, आठ-दहा फुटांवर जातात.

आणि तिथेच एक अडचण तयार होते, जी बसवताना कोणाच्या लक्षात येत नाही. पॅनेल टाकीपेक्षा उंच झाली, की टाकीचं पाणी आपोआप तिथवर चढत नाही. पावसाळा संपला, सोयाबीनची काढणी सुरू झाली, मळणीयंत्रांची धूळ उठली, पुढे कापसाच्या जिनिंगची तूस आणि मार्चनंतर काळ्या मातीचा उडणारा फुफाटा, की काचेवर थर चढू लागतो. पारसच्या औष्णिक केंद्राच्या बाजूला राखही आहे. बिल पुन्हा वाढतं. मग घरातला कोणीतरी बादली आणि फडकं घेऊन लोखंडी चौकटीवर चढतो, एक पाय खांबावर आणि एक पाय पॅनेलच्या कडेवर. पॅनेलवर पाय पडला तर आतल्या सेलला न दिसणाऱ्या चिरा जातात. माणूस खाली पडला तर काय होतं, ते सांगायला नको.

यावरचा उपाय म्हणजे पाण्याचा खांब. एकात एक सरकणाऱ्या नळकांड्यांचा लांब दांडा, टोकाला मऊ ब्रश, ब्रशला दोन किंवा चार बारीक तोट्या, आणि खालपासून वरपर्यंत पाणी नेणारी नळी. माणूस खाली जमिनीवर किंवा गच्चीवर उभा राहतो आणि वर पाणी सोडत घासतो. खिडक्यांच्या काचा धुण्यासाठी हे अवजार युरोपात रुळलं. ब्रिटनमध्ये २००५ साली उंचीवरच्या कामांचे नियम कडक झाले. शिडी टाळता येत असेल तर टाळा, असं कायद्यानेच म्हटल्यावर तिथल्या काचा धुणाऱ्यांनी शिड्या बाजूला ठेवून खांब हातात घेतले. आपल्याकडे काचेच्या उंच इमारतींवर अजून दोराला लटकूनच काम चालतं. वऱ्हाडात मात्र हा खांब सौर पॅनेलच्या निमित्ताने आला. काचेचा दर्शनी भाग असलेली रुग्णालयं आणि शिकवणी वर्गांच्या इमारती आता त्याच खांबाने धुतल्या जाऊ लागल्या आहेत. हे काम वाढणार आहे आणि ते नीट शिकून केलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

खांब विकत घेणं सोपं आहे. बिघडतं ते नळीच्या जोडांवर. अख्ख्या यंत्रणेत चारच महत्त्वाचे जोड असतात: पंपातून निघणारी नळी, खांबाच्या बुडाशी मुख्य नळी आणि खांबातली नळी जोडणारं कपलिंग, वर ब्रशच्या मानेपाशी नळी दुभागणारा वाय, आणि तिथून प्रत्येक तोटीपर्यंतचे छोटे तुकडे. यातला एक जरी गळला, तरी वर पाण्याची धार न येता नुसता ओघळ येतो. ब्रश कोरडा घासला जातो, धुळीतल्या वाळूच्या कणांनी काचेवर ओरखडे पडतात आणि खाली उभ्या माणसाच्या बाहीतून पाणी कोपरापर्यंत उतरतं.

नळी कशी कापता यावर निम्मं काम ठरतं. कात्रीने कापली की नळी चेपते, टोक लंबगोल होतं आणि ते दाबजोडात घातलं, की आतल्या रबरी कडीला एका बाजूने टेकतं आणि दुसऱ्या बाजूने सुटतं. धारदार पात्याने, एका दमात, काटकोनात कापली पाहिजे. दाबजोडात नळी घालताना आधी थोडा अडथळा लागतो. तिथे पकडणाऱ्या दातांची कडी असते. बरेच जण तिथेच थांबतात. तो अडथळा ओलांडून आणखी अर्धा-पाऊण इंच आत, अगदी बुडाला टेकेपर्यंत नळी गेली, तरच ती रबरी कडीच्या पलीकडे पोचते. त्यानंतर ती मागे ओढून पाहायची. ठिबकचं काम करणाऱ्या पोरांच्या तोंडी हे एका वाक्यात येतं, "भाऊ, नळी सिद्दी कापा लागते, तिरपी कापली का गयतेच, अन् पह्यले ओढून पाहा, मंग पाणी सोडा."

खाचांच्या निप्पलवर चढवायची नळी असेल तर टोक गरम पाण्यात मिनिटभर बुडवावं. नळी मऊ होते, सरळ चढते आणि थंड झाली की खाचांना आवळून बसते. तेल किंवा ग्रीस लावू नये. तेव्हा सोपं वाटतं, पण त्यानेच नळी पुढे निसटते, आणि तेलाचा तवंग शेवटी काचेवर येतो. वर क्लिप लावायची तर ती निप्पलच्या खाचांवर यावी, नळीच्या अगदी टोकावर नको. बारीक नळीवर पेचाची लोखंडी क्लिप ताकद लावून आवळली तर ती नळीच कापते. लहान नळ्यांना दोन कानांची दाबून बसवायची क्लिप चांगली. गळक्या जोडावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची आपली पद्धत शेतात कामाला येते, तिथे थोडं गळलं तर मातीच ओली होते. खांबाच्या आत मात्र ती पट्टी अडकते, आणि खांब मिटताना नळी तिथेच फाटते.

खांबाच्या आतली नळी किती लांब ठेवायची, हा सगळ्यात जास्त चुकणारा भाग आहे. खांब पूर्ण लांबवलेला असताना बुडाशी हातभर नळी बाहेर लोंबती राहिली पाहिजे. वर ब्रशच्या मानेपाशीही एक सैल वळसा हवा. ब्रश पुढे-मागे झुकतो तेव्हा तो वळसा उघडतो आणि मिटतो. वळसा आखूड ठेवला तर नळी मानेपाशी चिमटते, धार थांबते आणि पाहणारा पंपाला दोष देतो. वळसा फार मोठा ठेवला तर तो पॅनेलच्या चौकटीच्या कोपऱ्यात अडकतो. जोडणी करताना खांब जमिनीवर आडवा ठेवून पूर्ण लांबवावा, ब्रश दोन्ही बाजूंना पूर्ण झुकवावा, आणि मगच नळी कापावी. मिटलेल्या खांबाच्या मापाने नळी कापणारा माणूस नळी वाया घालवतो.

आता मापांचा घोळ. बाहेरून येणारे बहुतेक खांब मिलिमीटरच्या मापात असतात. नळीचा बाहेरचा व्यास ८ मिलिमीटर, आतला ५. आपल्याकडच्या दुकानात मात्र इंचाचं माप चालतं. पाणी शुद्ध करणाऱ्या घरगुती यंत्राची पांढरी नळी पाव इंची असते, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. तिचे दाबजोड आता तालुक्याच्या गावातही मिळतात, दर्यापूरला मिळतात, मूर्तिजापूरला मिळतात, आणि म्हणूनच लोक त्यांत ६ मिलिमीटरची नळी कोंबतात. ती आत जाते, दातांत पकडलीही जाते, पण रबरी कडीभोवती फट राहते. सुरुवातीला थेंब येतो, दाब वाढला की फवारा उडतो. ८ मिलिमीटर आणि ५/१६ इंच ही मापं जवळजवळ सारखी आहेत, तिथे निभावतं. १० मिलिमीटर आणि ३/८ इंच यांत मात्र अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो. दुकानात जाताना नळीचा तुकडा आणि व्हर्नियर सोबत न्यावं. "अर्ध्या इंचीचा जोड द्या" एवढ्यावर काम चालत नाही, कारण बागेच्या रबरी नळीचं माप आतून मोजतात, ठिबकच्या १६ मिलिमीटरच्या लॅटरलचं बाहेरून.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की हे काम परकं आणि नवं आहे. वऱ्हाडाला ते तसं नाही. वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या बगीच्यांत भूजल खाली गेलं, तशी ठिबक घराघरांत पोचली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जळगावच्या जैन इरिगेशनने ठिबक शेतकऱ्यांपर्यंत नेली, अनुदान मिळू लागलं, आणि आज अचलपूर, चांदूर बाजारपासून अकोटपर्यंत बगीच्यात वाढलेल्या कुठल्याही पोराला ग्रोमेट, टेक-ऑफ, जॉइनर, एंड कॅप हे शब्द शिकवावे लागत नाहीत. लॅटरलला भोक कसं पाडायचं, खारीने कुरतडलेला तुकडा काढून जॉइनर कसा टाकायचा, मेन लाइन खुली करून नळ्या कशा धुवायच्या, हे हात शिकलेले आहेत. पाण्याच्या खांबाला हेच हात हवेत. मला या मुद्द्याचं फार महत्त्व वाटतं. सौर पॅनेल विकणाऱ्या कंपन्या सफाईसाठी माणसं शोधतात तेव्हा त्यांना विजेचं काम येणारी मुलं हवी असतात. विजेचं काम येणं चांगलंच, पण सफाईच्या रोजच्या कटकटी नळीच्या असतात. दोघांनी मिळून काम करावं.

पंपाच्या बाबतीतही असंच आहे. कापसावर फवारणीसाठी पाठीवर घ्यायचा चार्जिंगचा पंप आज जवळपास प्रत्येक शेतात आहे. त्यातली १२ व्होल्टची डायफ्रॅम मोटर आणि खांबासोबत वापरतात ती मोटर एकाच जातीची असते. तोटी बंद केली की दाब वाढतो आणि आतलं बटण मोटर आपोआप थांबवतं. हे बटण बिघडलं किंवा कोणी मुद्दाम बांधून ठेवलं, की बंद तोटीवर मोटर चालत राहते आणि सगळ्यात कच्चा जोड फुटतो. दाबाचं गणित सोपं आहे. पाणी १० मीटर वर न्यायला साधारण १ बार दाब नुसता उंचीतच जातो. घरावरचं पॅनेल गच्चीपासून ३ मीटर वर असेल तर उंची फार दाब खात नाही. लांब आणि बारीक नळी मात्र खाते. नळी जितकी अरुंद तितकं घर्षण कितीतरी पटींनी वाढतं, म्हणून पंपापासून खांबाच्या बुडापर्यंत जाड नळी आणि फक्त खांबाच्या आत बारीक नळी, असंच ठेवावं.

एक इशारा मात्र ठळकपणे द्यायला हवा. ज्या पंपातून कीटकनाशक किंवा तणनाशक फवारलं आहे तो पंप पॅनेल धुवायला वापरू नये. टाकी तीनदा धुतली तरी नळीत आणि डायफ्रॅममध्ये औषध राहतं. खांबाचं पाणी माणसाच्या अंगावर, डोळ्यात आणि गच्चीवरच्या वाळवणावर पडतं. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली, मृत्यू झाले. ते दुःख या भागाने पाहिलेलं आहे. मोटर वेगळी घ्या, टाकी वेगळी घ्या, नळीही वेगळी घ्या.

जोड नीट बसले तरी त्यांतून जाणारं पाणी कसं आहे, हा प्रश्न उरतो, आणि वऱ्हाडात तो फार जड आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाण पट्टा साडेचार लाख हेक्टरांहून मोठा आहे. गाळाची खोल, चिकण, काळी जमीन, पाण्याचा निचरा कमी आणि बाष्पीभवन जास्त, त्यामुळे विहिरीत आणि बोअरमध्ये खारं पाणी लागतं. भाजीला चव येत नाही, डाळ शिजत नाही, नळाला पांढरी खपली धरते. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर या तालुक्यांतल्या बायांना हे कोणी सांगायला नको. या पाण्याने मूत्रपिंडं बिघडतात ही तक्रार या गावांमधून वर्षानुवर्षं येते आहे.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत. काच धुण्यासाठी याहून कितीतरी कमी क्षारांचं पाणी लागतं. खिडक्या धुणारे परदेशी कारागीर शून्याच्या जवळचं, फार तर १० मिलिग्रॅमपर्यंतचं पाणी वापरतात, कारण त्यांना काच पुसायची नसते. पाणी आपोआप वाळतं आणि मागे काहीच उरत नाही. आता २००० चं बोअरचं पाणी पॅनेलवर सोडलं आणि त्यातलं अर्धा लिटर तिथेच वाळलं, तर एक ग्रॅम क्षार काचेला चिकटला. एप्रिलच्या उन्हात काच तापलेली असते, पाणी दोन मिनिटांत उडून जातं आणि पांढरे डाग राहतात. पुढच्या वेळी त्यावर दुसरा थर. धूळ पावसाने जाते, हा थर जात नाही. शेतात मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेतून ३, ५ किंवा साडेसात अश्वशक्तीचे पंप बसले आहेत. खारपाणातला शेतकरी त्याच पंपाने उपसलेलं पाणी त्याच पंपाच्या पॅनेलवर मारतो. ते साहजिक आहे. पण त्यामुळे पॅनेल धुतलं जाण्याऐवजी हळूहळू झाकलं जातं.

आरओ यंत्र लावा, असा सल्ला लगेच येतो. मला तो या भागासाठी पटत नाही. खाऱ्या पाण्यातून एक लिटर गोडं पाणी काढताना निदान तेवढंच, अनेकदा त्याहून जास्त, आणखी खारं पाणी वाया जातं आणि ते परत त्याच जमिनीत मुरतं. ज्या गावात पिण्याचं पाणी जारने विकत घेतलं जातं, ज्या गावाला वान किंवा शहानूर धरणातून येणाऱ्या प्रादेशिक योजनेच्या पाळीची वाट पाहावी लागते, तिथे काच धुण्यासाठी ते पाणी वापरणं मनाला लागतं.

उत्तर आकाशातच आहे. खारपाणात शेततळ्यांना जो अर्थ आहे तोच इथे आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पानेही याच पट्ट्यात पावसाचं पाणी साठवण्यावर भर दिला. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. घरावरच्या ३ किलोवॅटच्या संचात साधारण ५४० वॅटची सहा पॅनेल असतात, त्यांचं एकूण क्षेत्रफळ सुमारे १५ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. म्हणजे ३५ मिलिमीटरच्या एका चांगल्या पावसात या पॅनेलवरूनच ५०० लिटरच्या आसपास पाणी खाली येतं. पॅनेलच्या खालच्या कडेला एक पन्हाळ, पहिला मळकट पाऊस बाहेर सोडायला एक कॉक, आणि खाली झाकणाची काळी टाकी, एवढंच लागतं. आता खर्च पाहा. खांबाने एका पॅनेलला तीन लिटर पाणी पुरतं. सहा पॅनेलला वीस लिटरच्या जारपेक्षा कमी. ऑक्टोबरपासून मेपर्यंत पंधरवड्याला एकदा धुतलं तरी ३०० लिटरच्या आसपास. एका पावसाचं पाणी वर्षाला पुरून उरतं. टाकीचं झाकण घट्ट हवं, म्हणजे आत ऊन जाणार नाही, शेवाळ धरणार नाही आणि डास होणार नाहीत. ज्याच्याकडे अशी टाकी नाही आणि खारं पाणीच वापरणं भाग आहे, त्याने ते वाळू देऊ नये. रबरी पट्टीच्या वायपरने लगेच ओढून काढावं आणि निदान शेवटचा हात तरी गोड्या पाण्याचा द्यावा.

वेळही पाळावी लागते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा दुपारी पॅनेलची काच हाताला चटका देते. त्यावर गार पाणी सोडलं तर काचेला ताण पडतो, आणि उन्हात पडलेल्या नळीतलं पाणी उकळत्यासारखं होऊन मऊ नळी जोडातून निसटते. सूर्य वर येण्याआधी काम उरकावं. मोठ्या दाबाचं गाडी धुण्याचं यंत्र पॅनेलवर वापरू नये, कडेच्या सीलमधून पाणी आत जातं. पॅनेलच्या मागच्या बाजूला आणि वायरींच्या जोडांवर पाणी मारू नये.

आणि विजेच्या तारा. जुन्या वस्त्यांत गच्चीच्या हाकेच्या अंतरावरून, कधी हाताच्या अंतरावरून, ११ हजार व्होल्टची लाइन जाते. अॅल्युमिनियमचा खांब वीज वाहतो, कार्बन फायबरचाही वाहतो. हलका आणि महाग म्हणून कार्बनचा खांब सुरक्षित असं अनेकांना वाटतं, ते चूक आहे. तारा जवळ असतील तर काचतंतूचा कोरडा खांब बरा, पण नळीतलं आणि अंगावर ओघळणारं पाणी लक्षात घेता तोही पुरेसा नाही. तारा खांबाच्या टप्प्यात येत असतील तर काम करू नये. महावितरणला सांगून लाइन बंद करून घ्यावी, नाहीतर ते पॅनेल तसंच सोडावं.

अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांतल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत नळकाम आणि वीजकाम शिकवलं जातं. अकोल्यात १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, ठिबक आणि खारपाण या दोन्ही विषयांचा अभ्यास तिथे पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. एक छोटा, काही आठवड्यांचा अभ्यासक्रम या दोघांनी मिळून आखावा: जोड, दाब, पाण्याची तपासणी, तारांपासून अंतर. ठिबकवर हात बसलेल्या पोरांना दिवसाची हजेरी नीट मिळेल, आणि गच्चीवर बादली घेऊन चढणारा घरातला माणूस खाली राहील.

तोवर ज्यांच्याकडे खांब आहे त्यांच्यासाठी काम थांबवण्याचा क्रम. आधी मोटर बंद करा. ब्रशची तोटी उघडी ठेवून नळीतला दाब जाऊ द्या, मगच बुडाचं कपलिंग सोडा. दाब असताना सोडलं तर रबरी कडी बाहेर येते आणि गच्चीवर कुठे उडाली ते सापडत नाही. दोन जादा कड्या खिशात ठेवा. खांब उभा धरून नळी रिकामी करा, नळीचं भेंडोळं मोठ्या वेढ्यांचं करा आणि ते पत्र्याच्या पेटीत ठेवा, कारण उंदरांना ही नळी आवडते. पुढच्या खेपेला जोडण्याआधी प्रत्येक टोक पाहा. वारंवार काढ-घाल होऊन टोकाला ओरखडे पडले असतील तर तेवढं दोन सेंटिमीटर सिद्दं कापून टाका.